ढब्बूच्या कवचाला वास यायला लागला तेव्हा (माझा अनुभव)

आधीच सांगतो, मला कासवातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. ताईच्या मुलाने हट्ट केला म्हणून दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासंच मोठं हिरवं पिल्लू दुकानातून घरी आलं, वर्षभरात ताई बंगलोरला गेली आणि कासव पडलं माझ्या गळ्यात. रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते. नाव ढब्बू. नाशिकच्या इंदिरानगरला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत काचेची टाकी, त्यात अर्धं पाणी, एक दगड आणि वर साधा पिवळा बल्ब. साडेतीन वर्षं असंच चाललं होतं आणि मला वाटायचं मस्त चाललंय.

डिसेंबरात एका रविवारी पाणी बदलताना त्याला उलटा केला तर पोटाकडच्या बाजूला, मागच्या डाव्या पायाजवळ, अंगठ्याच्या नखाएवढा पांढरट डाग. मी म्हटलं क्षार असतील, आमच्याकडे बोअरचं पाणी, नळाच्या तोट्या पण पांढऱ्या होतात. घेतला जुना टूथब्रश आणि घासला. आई म्हणाली, "अरे थंडीने फुटलं असेल, खोबरेल लाव." तेही लावलं. असं आठ-दहा दिवस रोज, ब्रश आणि खोबरेल, ब्रश आणि खोबरेल. डाग कमी व्हायचं सोडा, कडेचा पापुद्रा उचलायला लागला आणि एक दिवस वास आला. कोळंबीची सालं कचऱ्याच्या डब्यात रात्रभर राहिली की सकाळी झाकण उघडल्यावर येतो ना, अगदी तो. इअरबडने हळूच दाबून बघितलं तर तिथे ओल्या साबणाच्या वडीसारखं मऊ लागलं आणि ढब्बूने पाय झटकन आत ओढला.

त्या पाय ओढण्यानेच मी घाबरलो, कारण तोपर्यंत कवच म्हणजे हेल्मेट असंच डोक्यात होतं. नंतर कळलं की ते हाडच आहे, त्याचा कणा आणि बरगड्या वरच्या ढालीला जोडलेल्या असतात, आणि बाहेर दिसतात ते खवले म्हणजे आपल्या नखासारख्या पदार्थाचं पातळ आवरण. खाली रक्त आहे, नसा आहेत, दुखतं त्याला. म्हणजे मी दहा दिवस जखमेवर टूथब्रश फिरवत होतो. आणि तेलाने वर थर बसतो, ओल आणि घाण आत कोंडते, बॅक्टेरियाची चंगळ.

मग सुरू झाली पळापळ. दुकानवाल्याने पाण्यात टाकायचे थेंब दिले, साडेतीनशे रुपये, काही उपयोग झाला नाही. जवळचे एक डॉक्टर मुख्यतः कुत्री-मांजरी बघणारे, त्यांनी लांबूनच पाहून कॅल्शियम ड्रॉप्स लिहून दिले, हातातसुद्धा घेतलं नाही. माझे एक काका तर म्हणाले, "कशाला पैसे घालवतोस, रामकुंडात सोडून दे, पुण्य लागेल." काकांशी वाद घालायची हिंमत नाही पण इथे लिहितो, हे कासव मूळ अमेरिकेतलं आहे, गोदावरीत सोडलं तर आपल्या देशी कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर डल्ला मारतं, आणि आजारी असेल तर आजारही सोबत नेतं. पुण्य कसलं.

शेवटी पुण्यातले एक एक्झॉटिक प्राण्यांचे, म्हणजे कासवं-पक्षी वगैरे बघणारे, डॉक्टर मिळाले. टाकी नाही न्यायची, पाणी नाही, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात टॉवेल आणि त्यात ढब्बू, असं फोनवर सांगितलं होतं. सिन्नर सुटेपर्यंत डबा आईच्या मांडीवर, गाडीचा हीटर चालू, आणि आई दर दहा मिनिटांनी झाकण उघडून "आहे रे आहे" म्हणणार. वजन भरलं ४१२ ग्रॅम. डॉक्टरांनी सुटलेला पापुद्रा कडेने कापून काढला, खाली पनीरच्या चुऱ्यासारखं पांढरं-पिवळं होतं ते खरवडलं, वास तिथूनच येत होता. एक्सरे काढला, इन्फेक्शन हाडात खोल गेलं नव्हतं. शेल रॉट म्हणाले, आपल्या भाषेत कवच सडणं.

मग मला समजावून सांगितलं की नेहमीची कात आणि हे वेगळं कसं ओळखायचं, हे मला आधी माहीत असतं तर दहा दिवस वाचले असते. स्लायडर वाढताना खवल्यांचा वरचा थर टाकतो, तो पातळ, आरपार दिसणारा, बटाट्याच्या वेफरसारखा अख्खा निघतो आणि खाली स्वच्छ कडक कवच असतं, वास नाही काही नाही. क्षार असतील तर खडूसारखे वर बसलेले असतात, मऊ नसतात. हिरवं शेवाळ मऊ कपड्याने पुसलं जातं. पण खड्डा, मऊपणा, लालसर रेघा, खालून ओलसर काही येणं किंवा वास, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टर. आणि मोठ्या कासवाचं अख्खं कवचच दाबल्यावर रबरासारखं दबत असेल तर ते सडणं नाही, ते कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले किरण, कॅल्शियम अंगी लागायला ते लागतात) मिळत नसल्याने हाडं कमकुवत होणं, त्याचा इलाज वेगळा.

माझी चूक कुठे होती तर सगळीकडेच. फिल्टर नाही, पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचं. दगड इतका लहान की ढब्बू पूर्ण कोरडा कधी व्हायचाच नाही. आणि मला वाटायचं गॅलरीच्या बंद काचेतून ऊन येतंय ना रोज, पण काचेत यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. वर नाशिकची थंडी, पाणी गार, गार पाण्यात त्याचं शरीर मंद होतं आणि प्रतिकारशक्ती पण.

उपचार म्हणजे खरी कसोटी होती. दिवसाचा बराच वेळ कोरडं ठेवायचं, पण पाण्याशिवाय त्याला खाणं गिळता येत नाही म्हणून रोज दोन तास वेगळ्या टबात कोमट पाणी आणि जेवण. त्याआधी जखम पोव्हिडोन आयोडीनने धुवायची, पाणी घालून फिकट कोऱ्या चहाच्या रंगाचं करून, थोडा वेळ ठेवून टिपायचं. टबातून काढून वाळवलं की सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. दर तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण डोस वजनावर ठरतो आणि कोणी तरी वाचून घरीच करेल. इंजेक्शन पुढच्या पायात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीतून जातं. पहिलं मी दिलं तेव्हा आईने त्याला धरलं होतं आणि डोळे तिचे मिटलेले. कोरडं ठेवायचं म्हणजे गार नाही, जानेवारीत तर नाहीच, म्हणून हॉलमध्ये खोक्यावर दिवा, थर्मामीटर लावून दिव्याखाली बत्तीस डिग्रीच्या आसपास. सगळं झालं की साबणाने हात, कारण साल्मोनेला, कासवांकडून माणसाला लागू शकणारा पोट बिघडवणारा जंतू. टबही कधी किचनच्या सिंकमध्ये धुतला नाही, आईची सक्त ताकीद.

दरम्यान टाकी बदलली. मोठी टाकी, कॅनिस्टर फिल्टर, हीटर लावून पाणी पंचवीस-सव्वीस डिग्री, बसायला मोठी लाकडी फळी आणि वर खरी यूव्हीबी ट्यूब, मधे काच न ठेवता. ही ट्यूब दिसायला चालू असली तरी यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून मी भिंतीवरच तारीख लिहून ठेवलीय. खाण्यात नुसती वाळलेली सुकट बंद, आता पेलेट्स (कासवांचं तयार दाणेदार खाणं), मुळ्याचा पाला, आणि टबात समुद्रफेसाचा तुकडा. हो, तोच काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं आतलं पांढरं कवच, कॅल्शियमच आहे तो, पेट शॉपमध्ये तेच पाकिटात घालून पाचपट भावाने देतात. दुकानदाराने विचारलं कशासाठी, मी म्हटलं कासवासाठी, तो म्हणाला "काय?" आणि दोनदा विचारून मग दिला.

जाता जाता एक, समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने हे सगळं ऐकून मला त्यांचं चांदण्या असलेलं कासव दाखवलं, "लकी असतं, ह्याच्या पण पाठीवर उंचवटे आलेत बघ." ते स्टार कासव. त्याचे खवले मुळातच थोडे उंच असतात ते सोडा, पण ते घरात ठेवणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, १९७२ चा कायदा, आणि आता ते शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्यांना वनविभागाचा १९२६ नंबर दिला. मग लावला की नाही ते मला बोलले नाहीत, पण कासव आता दिसत नाही.

मार्चपर्यंत वास पूर्ण गेला, एप्रिलात खड्ड्याचा तळ कडक झाला आणि डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर बघून टाकीत परत सोडायला सांगितलं. खड्डा आहेच, तो भरून यायला वर्ष पण लागेल म्हणाले. परवा त्याच्या शेजारच्या खवल्याची पातळ, आरपार पापडी अख्खी निघाली. मी आधी तिचा वास घेतला. काहीच नव्हता. काडेपेटीत ठेवलीय, आई दोनदा टाकायला निघाली होती.