हिलोच्या बाजारातलं 'आपण'

हिलोला उतरलो तेव्हा पाऊस पडत होता आणि तिसऱ्या दिवशी निघालो तेव्हाही पडतच होता. हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव, वर्षाला 125 इंचांच्या आसपास पाऊस. छपरावर वाजणारं पाणी, भिंतींना शेवाळ, रस्त्याकडेला माजलेली हिरवळ. मी अलिबागची, मला त्यात परकं काही वाटेना.

ताई सॅन होजेला असते, सगळा बेत तिचा. आधीचे दोन दिवस होनोलुलूत काढले होते. तिथल्या वायकीकी या पर्यटकांच्या किनाऱ्यावर 'अलोहा', म्हणजे नमस्कार, शर्टावर, पिशवीवर, लिफ्टच्या दारावर, सगळीकडे होता. पण हा शब्द कोणी मला, माझ्याकडे बघून म्हणतंय असं तिथे एकदाही वाटलं नाही. ते वाटलं हिलोच्या बाजारात.

मामो स्ट्रीट आणि कामेहामेहा ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर हा बाजार भरतो, बुधवारी आणि शनिवारी मोठा. ताई पपयांपाशी रेंगाळली, मी पुढे गेले. एका ताडपत्रीखाली अळूच्या पानांच्या जुड्या! देठ, शिरा, पानावर न टिकणारं पाणी, सगळं ओळखीचं. शेजारी अळूचे कंद. मागे बसलेल्या बाई सत्तरीच्या असाव्यात, केसात फूल खोवलेलं. मला पाहून म्हणाल्या, "अलोहा काउआ."

काउआ? मी विचारलं. त्यांनी एक बोट माझ्याकडे केलं, मग स्वतःकडे. तू आणि मी. तेवढ्यात ताई आली, तर त्यांनी हात गोल फिरवून तिघींना त्यात घेतलं आणि म्हणाल्या, "आता काकोउ. अलोहा काकोउ."

मग उलगडलं. हवाईयन भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. काकोउ म्हणजे आपण सगळे, समोरचा धरून. माकोउ म्हणजे आम्ही, समोरचा सोडून. शिवाय दोघांपुरतं असेल तर काउआ आणि माउआ, संस्कृतातल्या द्विवचनासारखं. "अगं, हे तर आपलं 'आपण'!" मी ताईला म्हटलं. इंग्रजीच्या 'वी'ला आणि हिंदीच्या 'हम'ला हे जमत नाही, मराठीला जमतं आणि या भाषेलाही. काकोउ जोडला की नमस्कार करणारा स्वतःही त्या नमस्कारात येऊन बसतो. मला तो सगळा दिवस त्याचंच अप्रूप वाटत राहिलं.

बाईंना काय म्हणायचं हा प्रश्न तिथे पडत नाही. वडीलधारी बाई दिसली की आंटी, पुरुष दिसला की अंकल, नात्याची ओळख लागत नाही. आपल्या मावशी-काकांसारखंच. त्या इंग्रजीच बोलत होत्या, मधे मधे हवाईयन शब्द. कंदाला त्या कालो म्हणत होत्या, कोवळ्या पानांना लूआउ. लूआउ म्हणून पर्यटकांना जी मेजवानी दाखवतात, तिला नाव या पानावरून पडलं. कालोच्या बाजूला फुटणाऱ्या कोंबाला ओहा म्हणतात आणि त्यावरून ओहाना, म्हणजे कुटुंब. एका कंदाच्या भोवती वाढलेली माणसं.

"घशाला खाजत नाही?" मी गळ्यावरून बोट फिरवत विचारलं. आंटींचे डोळे चमकले. "मने'ओ!" खाजेला त्यांच्याकडे शब्द तयार होता. कच्चं राहिलं तर मने'ओ, म्हणून पानं भरपूर वेळ शिजवायची. आम्ही चिंच घालतो, असं मी सांगितलं. ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आता माझं नाव सांगावं म्हणून मी आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "ओ मीना कोउ इनोआ." आंटींच्या मागून त्यांची नात पुढे आली, सहा-सात वर्षांची. तिने मान हलवली आणि गळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "को-'उ." कोउ म्हणजे तुझं, को'उ म्हणजे माझं. 'तुझं नाव मीना' असं मी त्यांना सांगत होते! मधे घशात श्वास क्षणभर अडवायचा, उचकी लागता लागता थांबावी तसा. या अडवण्याला ओकिना म्हणतात आणि त्याची गणती चक्क व्यंजनात होते. पाच स्वर आणि आठ व्यंजनं, एवढीच अक्षरं या भाषेला. जोडाक्षर नाही, शब्द संपतो तो स्वरावरच. 'व' मात्र आपल्या 'व'च्या फार जवळचा. मी पाचव्या खेपेला को'उ नीट म्हटलं तेव्हा मुलगी "मैका'इ" म्हणाली. छान.

"मला हीच शिकवते," आंटी म्हणाल्या. त्यांच्या आजीला ही भाषा येत होती, पण शाळेत बोलली की मार बसायचा, म्हणून तिने ती पुढे मुलांना दिलीच नाही. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी, तिला 1893 साली पदच्युत केलं, आणि तीनच वर्षांनी, 1896 मध्ये, शाळांचं माध्यम इंग्रजीच हवं असा कायदा आला. त्याआधी त्याच भाषेत वर्तमानपत्रं निघत होती, लोक भरभरून वाचत-लिहीत होते. मग दोन-तीन पिढ्यांत भाषा म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. 1978 मध्ये हवाईच्या राज्यघटनेने या भाषेला इंग्रजीच्या जोडीने राजभाषा केलं आणि 1984 मध्ये काउआई बेटावर केकाहा गावी पहिली पूनाना लेओ बालवाडी सुरू झाली. पूनाना म्हणजे घरटं, लेओ म्हणजे आवाज. आज हिलोच्या विद्यापीठात या भाषेत पीएचडीपर्यंत शिकता येतं. राजभाषा केल्याने भाषा जगत नाही, ही चिमुरडी आजीला टोकते म्हणून जगते, असं मला वाटतं.

पुढच्या दोन दिवसांत रोजचे शब्द कानात बसत गेले. सकाळी अलोहा काकाहिआका, संध्याकाळी अलोहा अहिअही. कशी आहेस, तर पेहेआ ओए? आभाराला महालो, मनापासून असेल तर महालो नुइ लोआ, आणि त्यावर उत्तर आ'ओले पिलिकिआ, काही त्रास नाही. दारात ए कोमो माइ, या आत. काम आटोपलं की पाउ. पत्ता विचारला तर उजवं-डावं नाही, माउका म्हणजे डोंगराच्या अंगाला, माकाइ म्हणजे समुद्राच्या अंगाला. समुद्रकाठी वाढलेल्या मला हे लगेच समजलं, ताई फोनवरच्या नकाशात उत्तर शोधत बसली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा आंटींकडे गेलो. ताडपत्री गुंडाळत होत्या. "आ हुइ होउ," त्या म्हणाल्या, पुन्हा भेटेपर्यंत. मी म्हटलं, "येते."

म्हणजे काय, मुलीने विचारलं. मी सांगितलं की आम्ही निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो.

तिने थोडा विचार केला. "यात ओकिना कुठे आहे?"

"नाहीये."

"येते," ती म्हणाली, अगदी स्वच्छ.