तुम्ही विचारलंत म्हणून: हो, गोळी अजून चालू आहे

"अजून गोळी चालू आहे?"

हे मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, रंकाळ्यावर फिरताना विचारतात, पार्लरमध्ये तर आरशातून बघत विचारतात. शेजारच्या मावशी आडपडदा ठेवत नाहीत. "पस्तिशी आली की गं! अजून पिंपल्स, आणि अजून गोळ्या खातीस व्हय? सवय लागंल की." मी दर वेळी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून विषय बदलते. आज बदलत नाही.

पाणी पी, पोट साफ ठेव, मुलतानी माती लाव, लगीन झालं की जातंय. सगळं ऐकून झालंय, करून झालंय. लग्नही झालंय. त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

गोळी म्हणजे आयसोट्रेटिनॉईन. खरं तर मऊ कॅप्सूल, पण घरात तिला गोळीच म्हणतात. अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध, अमेरिकेत 1982 साली मान्यता मिळालेलं. त्यानं त्वचेतल्या तेलग्रंथी आक्रसतात, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसत नाही आणि तेलावर पोसणाऱ्या जिवाणूंची उपासमार होते. पण ग्रंथी मरत नाहीत. औषध थांबलं की त्या हळूहळू पुन्हा कामाला लागू शकतात, विशेषतः माझ्यासारख्या बायकांत, ज्यांचे पिंपल्स कपाळावर नसून जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर येतात, खोल, ठणकणारे, तोंड नसलेले, पाळीच्या आधीच्या आठवड्यात ठरल्यासारखे. म्हणजे सवय लागलेली नाही, आजार शिल्लक आहे. मावशी बीपीची गोळी कित्येक वर्षं घेतात, त्यांना कुणी पंगतीत विचारत नाही.

(पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर आधी पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांच्या हार्मोन बिघाडाची, तपासणी करा. तिथं पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन हा वेगळा रस्ता असतो. तेही गरोदरपणात चालत नाही.)

आता हिशोब. 60 किलो वजन धरा. पूर्ण डोस म्हणजे किलोमागे दिवसाला अर्धा ते एक मिलीग्रॅम, म्हणजे रोज 30 ते 60. कोर्स संपला कधी म्हणायचं, तर किलोमागे एकूण 120 ते 150 मिलीग्रॅम पोटात गेल्यावर, म्हणजे 7200 ते 9000. मी घेते 10 मिलीग्रॅम, आठवड्यातून तीनदा. हा भागाकार सुरुवातीला मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर करून ठेवला होता: आठवड्याला 30, म्हणजे 7200 व्हायला 240 आठवडे, साडेचार वर्षांहून जास्त. तेव्हाची मी ठामपणे म्हणत होते की एकदा ते 7200 पूर्ण केले की सुटले. आताची मी तिला सांगते, बाई, तो आकडा पूर्ण डोसच्या कोर्सचा. कमी डोस चेहरा ताब्यात ठेवण्यासाठी असतो, त्याला शेवटची रेघ नसते. त्यावर ती विचारते, मग थांबायचं कधी ते कळणार कसं? बरोबर विचारते.

मग पूर्ण डोसच का नाही घेतला? घेतेस का, म्हणून विचारलं होतं डॉक्टरांनी. ओठ, डोळे, नाक, सांधे, सगळ्यांना पाच-सहा महिने जास्त सोसायला लागलं असतं, आणि हार्मोनच्या तालावर येणारे पिंपल्स त्यानंतरही परतू शकतात. कमी डोस थांबवल्यावर ते परतायची शक्यता त्याहून जास्त, हेही खरं. सोसवेल ते मी निवडलं. भित्रेपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

घेण्याची पद्धत मात्र काटेकोर हवी. कॅप्सूल तेला-तुपाच्या जेवणासोबत घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर निम्म्याहून कमी अंगी लागते. शुक्रवारचा उपवास असेल तर तुपातली, दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी चालते, नुसत्या केळ्यावर नाही. तांबडा रस्सा बंद कर म्हणणाऱ्यांना सांगते, तिखटानं पिंपल्स येतात याला आधार नाही. पटकन साखर चढवणारे पदार्थ, दूध आणि जिमच्या पोरांची व्हे पावडर यांच्याकडे मात्र संशयाची सुई जाते. म्हणजे रश्श्याच्या वाटीपेक्षा गंगावेशीतला धारोष्ण दुधाचा ग्लास जास्त संशयित. हे कोल्हापुरात बोलायला धाडस लागतं.

रश्श्याचा त्रास वेगळाच आहे. या औषधानं ओठांचे कोपरे चिरतात आणि मिसळीचा कट त्या चिरेत गेला की डोळ्यांतून पाणी येतं. जेवायच्या आधी कोपऱ्यांना व्हॅसलिनचा थर द्यायचा, जेवून पुसायचा, परत लावायचा. ओठ चाटायचे नाहीत. नाकातून रक्त येत असेल तर झोपताना नाकपुडीच्या आत कापसाच्या काडीनं व्हॅसलिन फिरवायचं. दिवसा सनस्क्रीन, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटं भरून. साबण सौम्य, स्क्रब बंद. वॅक्सिंग अजिबात नाही, औषध थांबल्यावरही सहा महिने नाही. सालासकट कातडी निघते.

आता ते, जे मी कुणाला सांगत नाही.

या गोळीच्या आधी एक मलम होतं. एका मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय, "डाग जातात, उजळ पण दिसतंय" या भरवशावर आणलेलं. पंधरा ग्रॅमची ट्यूब. त्यात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉईन. पहिलं नाव स्टिरॉईडचं. आठ दिवसांत चेहरा काचेसारखा झाला. लालसरपणा, सूज, ठणका, सगळं स्टिरॉईड दाबून टाकतं, म्हणून तसं दिसतं. लोकांनी विचारलं, काय लावतेस? मी नावही सांगितलं. दोघींनी आणलं. हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

चार महिन्यांनी मलम थांबवलं. तिसऱ्या दिवशी गाल गरम. पाचव्या दिवशी लाल, भाजल्यासारखे. सातव्या दिवशी त्यावर खसखशीएवढ्या पूभरल्या पुटकुळ्या, शेकड्यानं. पातळ झालेल्या कातडीला धग सोसत नाही. भाकरी भाजायला तव्यासमोर उभी राहिले तर चेहऱ्यावर कुणी निखारा धरल्यासारखं व्हायचं. मग पुन्हा एक बोट मलम लावलं, आणि रात्रीत सगळं शांत. माणूस असाच अडकतो. मलम सोडलं की चेहरा पेटतो, लावलं की विझतो, आणि आपल्याला वाटतं मलम म्हणजे औषधच. दर फेरीला कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात. मी हे तीनदा केलं.

चौथ्यांदा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ट्यूब टेबलावर आडवी ठेवून कोपऱ्यातली आरएक्सची खूण दाखवली. त्या खुणेचा अर्थ चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. 2018 मध्ये सरकारनं अशा बऱ्याच स्टिरॉईड मलमांना असलेली चिठ्ठीशिवाय विकायची सूट काढून घेतली, तरी ती काउंटरवरून जातात. मग साबण बंद, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीनदा, थंड ओल्या पट्ट्या, रात्री टॅक्रोलिमस हे स्टिरॉईड नसलेलं मलम आणि रोज डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक, 100 मिलीग्रॅम, सहा आठवडे. मी म्हटलं, आयसोट्रेटिनॉईन लगेच सुरू करूया की. ते नाही म्हणाले. डॉक्सिसायक्लिनच्या जातीची औषधं आणि हे एकत्र घेतलं तर कवटीच्या आतला दाब वाढू शकतो, डोकं ठणकतं, नजर अंधूक होते, डोळ्यांना इजा होऊ शकते. एक संपवायचं, मगच दुसरं. ते सहा आठवडे मी आरशाला टॉवेल लावून काढले.

दुकानदाराचा दोष? आहे. पण खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी मी उलगडून पाहिली नव्हती, आणि मला वाचता येतं. तुमच्या घरात अशी ट्यूब असेल तर नावं बघा: बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी चेहऱ्यावर रोज जात असेल तर परस्पर बंदही करू नका, डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

म्हणून आता कुणी "मलाही तुझी गोळी दे" म्हटलं की मी चिडते. स्ट्रिप वाटायची नसते. गर्भावर या औषधाचा गंभीर परिणाम होतो आणि डोस कमी म्हणून धोका कमी होत नाही. सुरू करण्याआधी गर्भचाचणी, चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन, थांबवल्यावरही किमान एक महिना. "गोळीपायी मूल लांबवलंय काय?" या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. मूल हवं वाटेल तेव्हा आधी गोळी बंद होईल. शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात मी मागं सरते तेव्हा पोरं हसतात. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं, म्हणून औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्त द्यायचं नसतं.

बाकी थोडक्यात. सुरू करण्याआधी आणि महिना-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाईल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि लिव्हरची तपासणी, बारा तास उपाशी राहून. आदल्या रात्री आखाडाचं मटण नको, ट्रायग्लिसराईड, म्हणजे त्यातलाच एक चरबीचा आकडा, भलतंच येतं. अ जीवनसत्त्व असलेल्या टॉनिकच्या गोळ्या बंद. तालमीत घाम गाळणाऱ्यांनी अंगदुखी डॉक्टरांना सांगावी. मन खचल्यासारखं वाटलं तर तेही सांगावं, लपवू नये. पहिल्या महिन्यात पिंपल्स वाढू शकतात. घाबरून सोडू नका, आणि घाईनं डोसही वाढवू नका.

मी दोनदा थांबवून पाहिलं. पहिल्यांदा दोन महिने टिकलं, दुसऱ्यांदा चौथ्या महिन्यात हनुवटीच्या डावीकडे तीच जुनी गाठ. ती गोळी सोडल्यामुळे आली की त्या महिन्यातल्या जागरणांमुळे, हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, दिवाळीनंतर गोळी बंद करू आणि रात्री छिद्रं मोकळी ठेवणारं ॲडापालिन जेल वाटाण्याएवढं चेहऱ्यावर लावून तीन महिने बघू. मी बघू म्हटलंय. मागच्या दिवाळीलाही बघू म्हटलं होतं.