ॲम्ब्युलन्सचा कोर्स झाला, सही राहिली

ॲम्ब्युलन्सवर टेक्निशियन व्हायचा कोर्स करणाऱ्या कुणालाही मी आधी एकच गोष्ट सांगतो. लॉगबुकात, म्हणजे दवाखान्यात बघितलेल्या केसेस नोंदवायच्या वहीत, प्रत्येक केसपुढं कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) रजिस्टरमधला अनुक्रमांक लिहा. त्याच पाळीत लिहा, घरी जाऊन नाही. आमच्या लॉगबुकात त्यासाठी रकानाच नव्हता, सेंटरनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या आकड्यापायी माझं सर्टिफिकेट सगळ्या बॅचच्या मागून आलं.

प्रवेश, फी, वर्ग, लेखी परीक्षा यात सांगण्यासारखं काही नाही. बारावी सायन्स असेल तर शरीररचना जड जात नाही. २०६ हाडं कुणी पाठ करायला लावत नाही. मणक्यांचा हिशेब मात्र लागतो: मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५. मानेचे जास्त विचारतात, कारण श्वासाच्या पडद्याला जाणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. तिथं मज्जारज्जूला मार बसला तर श्वासच थांबू शकतो. आपल्याकडं मोटारसायकलवरून पडलेल्याला चौघं हातपाय धरून उचलतात, मांडीवर घेतात आणि वरून पाणी पाजतात. मी आधी क्रूझर चालवायचो, लातूर-नांदेड रस्त्यावर हे किती वेळा बघितलंय. त्यामुळं मान हलू नये म्हणून कॉलर बांधायचा धडा मला समजावून सांगावा लागला नाही.

सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास द्यायची, प्रॅक्टिकलही सोपी. पुतळ्याच्या छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळवा, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. पोरं दाबायला कमी पडत नाहीत, सोडायला कमी पडतात. छाती पूर्ण वर येऊ दिली नाही तर हृदय भरतच नाही, आणि परीक्षक नेमकं तेच बघत असतात.

खरं घोडं अडलं ते पोस्टिंगच्या लॉगबुकावर.

आमची पोस्टिंग मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात होती. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. नियम असा की, कॅज्युअल्टीत जी केस बघितली, तिची नोंद करायची, त्यावर ड्युटीवरच्या डॉक्टरांची सही घ्यायची आणि शेवटी ऑफिसचा गोल शिक्का. माझ्या रात्रपाळ्या बहुतेक एकाच डॉक्टरांसोबत झाल्या. माणूस भला, शिकवायचेही मनापासून. रात्री गर्दी असली की म्हणायचे, "राहू दे, सगळ्या एकदम करू." तेवढ्यात त्यांचा सरकारी सेवेचा बाँड संपला आणि ते पुढच्या शिक्षणाला निघून गेले. पान भरलेलं, सहीची जागा मोकळी.

ऑफिसातला बाबू म्हणाला, "ज्यांच्या ड्युटीत केस झाली त्यांचीच सही लागंल."

"साहेब, ते गेले पुण्याला."

"मग पुण्याला जा की."

डॉक्टरांना फोन केला. ते बिचारे म्हणाले, कुरिअरनं पाठव, करून देतो. बाबूनं तेही मोडून काढलं. जो माणूस आता सेवेत नाही त्याची सही मागच्या तारखेनं कशी चालंल? म्हणजे सही त्यांचीच हवी आणि त्यांची चालतही नाही. यावर काय बोलावं?

मधले दिवस मी कॅज्युअल्टीच्या बाहेरच्या बाकावर काढले. बाबू अकराला यायचे, बाराला साहेबांकडं जायचे, दीडला जेवायला. बाकावर बसून कंटाळलो की आत जाऊन सिस्टरांना मदत करायचो. बरंच शिकलो ते तिथंच, पण त्याचं श्रेय मी त्या ऑफिसला मुळीच देणार नाही.

सिस्टर जुन्या होत्या, पोरांच्या वह्या त्या हातातून ओढून घेऊन वाचायच्या. आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं, "पाय मोडला." सिस्टर म्हणाल्या, "काय लिहायलास रे हे? कोणता पाय? तुझ्या उजवीकडचा का त्याचा उजवा? गुडघ्याच्या वर का खाली? मोडल्याच्या खाली नाडी लागायली का नाही?" बाजू कायम पेशंटची धरायची, तो उताणा असो की पालथा. धडाच्या जवळचं ते प्रॉक्सिमल, लांबचं ते डिस्टल. मधल्या रेषेकडं मिडियल, बाहेरच्या अंगाला लॅटरल. हात मोडला की मोडल्या जागेच्या डिस्टल बाजूला नाडी, संवेदना आणि बोटांची हालचाल बघायची, स्प्लिंट (आधाराची पट्टी) बांधायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. नंतरचं पोरं विसरतात. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंब न दिसताही आत लिटरभर रक्त साचू शकतं, म्हणून "थाय" आणि "लेग" यात गफलत चालत नाही. थाय गुडघ्याच्या वर, लेग खाली. तसंच आर्म म्हणजे खांदा ते कोपर, पुढचा फोअरआर्म.

शुद्धीचा आकडा लिहितानाही त्यांची एक ताकीद होती. ग्लासगो स्केलला डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, असे १५. काहीच प्रतिसाद नसला तरी ३ येतात. शून्य लिहिलेली वही त्या सरळ परत फेकायच्या. आणि ऑक्सिजनचं सांगायचं राहिलं होतं: नाकातल्या नळीला मिनिटाला १ ते ६ लिटर, पिशवीवाल्या मास्कला १० ते १५, आणि पिशवी आधी फुगू द्यायची, मग तोंडावर लावायचा. नखपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर दुसऱ्या बोटाला लावून बघा.

तर सही. शेवटी तोडगा सिस्टरांनीच काढला. म्हणाल्या, जुनं रजिस्टर काढ, प्रत्येक केसचा अनुक्रमांक शोध, त्यावरून आत्ताचे इन्चार्ज डॉक्टर पडताळून सही करतील. वॉर्डातल्या मामांनी रेकॉर्ड रूम उघडून दिली. धूळ, पालींची अंडी आणि लाल कापडात बांधलेली रजिस्टरं. तारीख, वेळ, वय बघत एकेक केस जुळवली. हे काम मनासारखं झालं, एवढं कबूल करतो.

पण बाबूंनी पडताळणी स्वतः करायचं ठरवलं. डाव्या हाताचं बोट रजिस्टरवर, उजव्याचं माझ्या वहीवर. रजिस्टरमध्ये डॉक्टरांनी घाईत लिहिलेलं, "हात फ्रॅक्चर." माझ्या वहीत फोअरआर्म.

"इथं हात आहे, तुमच्यात फोअरआर्म. केस एकच कशावरून?"

मी माझा हात टेबलावर ठेवून दाखवला. ते म्हणाले, दाखवू नका, लेखी आणा.

सगळ्यात जास्त अडली ती सापाची केस. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला गेलेला शेतकरी, अंधारात पायाला चावा. घरच्यांनी पोटरीला लुगड्याची चिंधी इतकी करकचून आवळली होती की खालचं पाऊल निळसर पडलं होतं. मी सोडायला हात घातला तर डॉक्टरांनी अडवलं. घट्ट बांधलेलं एकदम सोडलं तर साचलेलं विष झपकन वर चढू शकतं, म्हणून सलाईन लावून, औषधं हाताशी ठेवून मग हळूहळू. मग त्यांनी कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि मला घड्याळ बघत बसवलं. २० मिनिटं हलवायची नाही. वेळ झाल्यावर नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं सरकलं, गोठलंच नव्हतं. म्हणजे घोणस किंवा फुरसं, रक्त न गोठू देणारं विष. लगेच प्रतिविष सुरू झालं. मण्यार असती तर पायावर खूण जेमतेम दिसली असती आणि पापण्या मिटायला लागल्या असत्या. आपलं काम पाय न हलवता लवकर पोचवणं. चिरा देणं नाही, चोखणं नाही, दोरी तर नाहीच.

ही केस रजिस्टरमध्ये होती "अननोन बाइट, पाय" अशी. माझ्या वहीत "उजव्या पावलाची डॉर्सल (वरची) बाजू, घोट्याच्या खाली, सूज" असं. बाबू म्हणाले, अननोन लिहिलंय, तुम्ही साप कुठून आणला?

त्या दिवशी माझा संयम संपला आणि मी थेट वैद्यकीय अधीक्षकांच्या दारात उभा राहिलो. आत जायला शिपायाला बरंच समजवावं लागलं. अधीक्षकांनी वही चाळली, सापाच्या पानावर थांबले, रक्त किती वेळ ठेवलं होतं ते विचारलं, मी सांगितलं. "नोंदवहीशी पडताळले" असं लिहून सगळ्या पानांवर सही केली. मग म्हणाले, "हे आधीच माझ्याकडं का नाही आणलं?" बाबू शेजारीच उभे होते, छताकडं बघत.

शिक्का गोदरेजच्या कपाटात, किल्ली बाबूंच्या खिशात. स्टँपपॅड वाळलेलं. त्यांनी बाटलीच्या टोपणानं पाणी ओतलं आणि शिक्का असा फाकला की त्यात फक्त "अधीक्षक" एवढंच वाचता येतं. मी धास्तावून सेंटरला वही नेऊन दिली. तिथल्या मॅडमनी पानं मोजली, एकही न वाचता कपाटात टाकली.

तोंडी परीक्षेत मला फवारणीची केस विचारली: कापसावर औषध मारताना बाधा झालेला माणूस, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उत्तरात आधी स्वतःचे हातमोजे, मग त्याचे भिजलेले कपडे काढणं, अंग धुणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं सांगा. उलटी करवायची नाही. पोरं उत्साहात ॲट्रोपिनपासून, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनपासून, सुरुवात करतात. ते डॉक्टरांच्या आदेशानं. आपल्याकडं १०८ च्या गाडीवर डॉक्टर असतात, तेव्हा ती घाई करू नका.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. सर्टिफिकेटवर कोणतं छापणार ते फॉर्म भरतानाच सेंटरला विचारा आणि लिहून घ्या. आमच्यातल्या एकाच्या सह्या वेळेत झाल्या, शिक्काही स्वच्छ उमटला, पण नावाच्या क्रमावरून त्याचा कागद परत गेलाय. कालच फोन होता, "कुठल्या ऑफिसात जाऊ?" म्हणत होता. मी सांगितलं, बाबूकडं जाऊच नको, सरळ वरच्या साहेबांच्या दारात उभा रहा.