सपाट आलेख आणि राहून गेलेला लायसोझाइम

टी4 फेजचं, म्हणजे जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या एका विषाणूचं, एक जनुक बंद पडलं तर विषाणूची वाढ नेमकी कुठे अडते, एवढंच शोधायचं होतं. अंबर म्युटंटचा (ज्याच्या जनुकात मध्येच ‘थांबा’ची खूण आली आहे अशा फेजचा) साठा सीआर63 वर वाढवला, म्हणजे ती खूण ओलांडून पूर्ण प्रथिन बनवणाऱ्या ई. कोलाय जीवाणूंवर; टायटर (मिलीलिटरमागे किती फेज) काढलं; त्यात सांगण्यासारखं काही नाही. मग ई. कोलाय बी या दुसऱ्या वाणाला संसर्ग दिला, कारण तिथे त्या जनुकाचं प्रथिन खुणेपाशी थांबून अर्धवटच बनतं. मिलीलिटरला 2×10⁸ पेशी, पेशीमागे 5 फेज, तापमान 37 अंश. मूळ टी4 असता तर 25-30 मिनिटांत पेशी फुटून प्रत्येकीतून शंभरेक फेज बाहेर आले असते. इथे तासाभराने क्लोरोफॉर्म घालूनही आकडा जागचा हलेना. ‘वाढ नाही’ असं वहीत लिहून मी मोकळी झाले. चुकलंच.

प्रोटोकॉलमध्ये एकच ओळ: क्लोरोफॉर्म घाला, प्लाक (प्लेटवरच्या जीवाणूंच्या थरात फेजने पाडलेले मोकळे ठिपके) मोजा. तो करतो काय, हे लिहायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. क्लोरोफॉर्म पेशीपटल मोडतो, भित्तिका नाही. भित्तिका कापणारा लायसोझाइम फेजच्याच ‘ई’ जनुकातून येतो आणि त्याला पटलात भोक पाडून वाट देणारं प्रथिन ‘टी’ जनुकातून (नावातल्या टी4 शी गल्लत नको). ‘टी’ बंद असेल तर लायसोझाइम आत तयारच असतो; क्लोरोफॉर्मने वाट मिळते आणि फेज बाहेर पडतात. ‘ई’ बंद असेल तर पेशी पक्व फेजनी ठासून भरलेली, तरी क्लोरोफॉर्मने एकही सुटत नाही. सोबत अंड्याच्या पांढऱ्यातला लायसोझाइम घाला, मिलीलिटरला साधारण 100 मायक्रोग्रॅम, अर्धा तास 37 अंशांवर. आकडा उसळतो! जनुक 43 म्हणजे डीएनए पॉलिमरेज. ते बंद असलं तर दोन्ही घालूनही काही निघत नाही: डीएनएच्या प्रती नाहीत, म्हणून उशिरा चालू होणारी जनुकंही जवळजवळ गप्प. नुसत्या क्लोरोफॉर्मच्या मोजणीत मात्र ‘ई’ आणि 43 चा आलेख अगदी सारखा. एका लायसोझाइमसाठी सगळं पुन्हा करायला लागलं, याचा राग अजून गेलेला नाही.

जनुक 23 ची तऱ्हा उलटी. गढूळ संवर्धन वेळेवर निवळतं, बघणाऱ्याला वाटतं जमलं, पण प्लाक नाहीत. फेजच्या शीर्षाचं मुख्य प्रथिनच नसल्याने आत नुसत्या शेपट्या बनलेल्या असतात.

क्लोरोफॉर्म तळाशी बसतो, नमुना वरूनच घ्या; थेंबभर जरी प्लेटवर गेला तरी तिथले जीवाणू मरून खोटा प्लाक दिसतो. पॉलिस्टायरीनची नळी त्यात विरघळते, काच वापरा. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: पाचव्या मिनिटाला थोड्या नमुन्यात क्लोरोफॉर्म घालून मोजा. तेव्हा आत पक्व फेज नसतात, म्हणून जे प्लाक येतील ते पेशीला न चिकटलेल्या फेजचे; ते शेवटच्या आकड्यातून वजा करायचे. उरलेलं मिश्रण तेव्हाच 10⁴ पट पातळ करा, नाहीतर फुटलेल्या पेशींमधले फेज न फुटलेल्यांवर बसतात आणि मूळ टी4 चं फुटणंही लांबतं. साठा थेट बी वरही पसरवून बघा. तिथे येणारे प्लाक मूळ रूपात परतलेल्या फेजचे असतात. ते जास्त असतील तर एका प्लाकपासून नवा साठा करा.