हलब्जाची डाळिंबं

इराकच्या उत्तरेला, कुर्द लोकांच्या भागात सुलेमानिया नावाचं शहर आहे. तिथल्या टॅक्सी स्टँडवर सकाळी सात वाजता पोचलो, तेव्हा थंडी चांगलीच बोचत होती. ऑक्टोबर संपत आला होता. टॅक्सीवाल्याने आधी चहा मागवला. कंबरेत बारीक असलेला काचेचा इवलासा पेला, तळाशी बोटभर साखर. तो पुढे करत म्हणाला, "काका, हलब्जा?" माझ्याहून चांगला सात-आठ वर्षांनी मोठा माणूस मला काका म्हणतोय हे ऐकून मी बघतच राहिलो. मग शेजारी बसलेल्या त्याच्या भाच्याने उलगडा केला. कुर्दी भाषेत काका म्हणजे थोरला भाऊ, आणि अनोळखी माणसालाही आदराने तसंच म्हणतात. भाचा शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याला सगळे 'मामोस्ता' म्हणतात, म्हणजे मास्तर. दिवसभर तोच माझा दुभाषी होता.

मामा-भाच्याची जोडी बघून मला माझा मामा आठवला. खरं तर त्याच्यासाठीच मी इथवर आलो होतो.

मामा सांगोल्याचा. कुवेतला फिटर होता. २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे सद्दाम हुसेनचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्या घरात रेडिओ दिवसरात्र चालू राहिला. मी तेव्हा चार वर्षांचा. आजी देवापुढे बसून राहायची, एवढंच आठवतं. त्याच महिन्यात आपले परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दामने त्यांना मिठी मारली आणि त्या मिठीवर जगभर टीका झाली. पण आपल्या माणसांना बाहेर पडायची वाट मिळाली. मामा बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर आला, वाळवंटातल्या तंबूत राहिला आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरला. दोन महिन्यांत अशा ४८८ फेऱ्या झाल्या, एक लाखाहून जास्त माणसं आली. अजूनही मामा गावातल्या गावात निघाला तरी पाण्याची बाटली भरल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

पुढे काही वर्षांनी त्याला नुकसानभरपाई मिळाली. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी आयोग नेमला होता. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा काढून घ्यायचा आणि कुवेतच्या आक्रमणात ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यायचा, अशी व्यवस्था. कुवेत सोडावं लागलेल्या परदेशी कामगारांनाही त्यातून ठरावीक रक्कम मिळाली. मामाने त्या पैशांत बोअर पाडलं आणि दोन एकर डाळिंब लावलं. माझं कॉलेज त्या बागेवर झालं, मावसबहिणीचं लग्न त्या बागेवर झालं.

आदल्या दिवशी सुलेमानियात 'अमना सुराका' बघितलं होतं. लाल तुरुंग. सद्दामच्या गुप्त पोलिसांची ही इमारत, १९९१ च्या उठावात कुर्दांनी जिंकली. भिंतींवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्यात. आत शिरलं की एक अरुंद, वळणावळणाची वाट लागते. तिच्या भिंतींवर आरशाचे १,८२,००० तुकडे जडवलेत आणि छताला साडेचार हजार दिवे आहेत. कुर्दांच्या हिशेबात, सद्दामने त्यांच्याविरुद्ध चालवलेल्या १९८८ च्या 'अन्फाल' मोहिमेत जितकी माणसं मारली गेली तितके तुकडे, आणि उद्ध्वस्त झालेल्या दर गावासाठी एक दिवा. (मानवी हक्क संघटनांचा अंदाज पन्नास हजार ते एक लाख असा आहे.) प्रत्येक तुकड्यात आपलाच चेहरा दिसत राहतो. मला तिथे फार वेळ थांबवलं नाही.

सुलेमानियाहून हलब्जा दीड तासावर. शहरझूरचं सपाट मैदान, कापणी झालेली शेतं आणि समोर हवरामानचे डोंगर. डोंगरापलीकडे इराण. ही सीमा एवढी जवळ आहे, म्हणूनच तर १९८८ मध्ये हलब्जावर विषारी वायू पडला.

१९७५ मध्ये इराण आणि इराकने अल्जीयर्स करार केला होता. शत्त-अल-अरब नदीत सीमा कुठून जाईल हे त्यात ठरलं होतं. इराकच्या वतीने त्यावर सही करणारा माणूस सद्दामच. १७ सप्टेंबर १९८० ला त्यानेच तो रद्द केला आणि पाच दिवसांनी इराणवर चढाई केली. झटपट संपेल वाटलेलं युद्ध आठ वर्षं चाललं, दोन्हीकडची लाखो माणसं गेली आणि ऑगस्ट १९८८ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा सीमा होती तिथेच होती. इराक कर्जात बुडाला होता. कुवेत कर्ज माफ करेना, शिवाय जास्त तेल उपसून भाव पाडतो, अशी सद्दामची तक्रार होती. त्यातून दुसरं युद्ध. आता यातली गोष्ट बघा. कुवेत गिळल्यावर, ऑगस्ट १९९० च्या मध्याला, सद्दामने इराणच्या अध्यक्षांना पत्र लिहून तोच १९७५ चा करार पुन्हा मान्य केला, कारण इराणच्या सीमेवरचं सैन्य त्याला कुवेतसाठी हवं होतं. आठ वर्षांत गेलेल्या लाखो मुलांच्या आयांना त्या पत्राबद्दल काय वाटलं असेल, या विचाराने माझ्या पोटात आजही कालवतं.

हलब्जाच्या वेशीशी स्मारक आहे. आतल्या गोल दालनाच्या भिंतींवर नावं, नुसती नावं. २००३ मध्ये ते उभं राहिलं आणि २००६ च्या १६ मार्चला हलब्जाच्याच तरुणांनी ते पेटवलं. पाहुणे यायचे, भाषणं करून जायचे आणि गावात ना धड रस्ते ना पाणी, हा राग होता. स्मारक पुन्हा बांधलं. राग किती खरा होता ते मामोस्ताच्या आवाजावरून कळत होतं. तो तेव्हा शाळकरी पोर होता. त्यानंतर आम्ही कब्रस्तानात गेलो. दाराशी पाटी आहे, बाथ पक्षाच्या, म्हणजे सद्दामच्या पक्षाच्या, माणसांना आत प्रवेश नाही.

पण मला जे दिसलं ते टॅक्सीवाल्याच्या वडिलांच्या घरी.

घराच्या मागच्या अंगणातून अकरा पायऱ्या खाली उतरतात. तळघर. कुर्दीत म्हणतात झेरझमीन. त्यातला 'झमीन' ऐकताच मला अर्थ लागला. आठ वर्षांच्या तोफमाऱ्यात हलब्जाच्या लोकांना एक गोष्ट पक्की अंगवळणी पडली होती, आवाज झाला की खाली उतरायचं. १५ मार्च १९८८ ला इराणी सैन्य आणि पेशमर्गा, म्हणजे कुर्द लढवय्ये, गावात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी इराकी विमानांनी आधी साधे बॉम्ब टाकले. खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि लोक सवयीने तळघरात उतरले. मग वायूचे बॉम्ब पडले. मस्टर्ड, आणि त्याशिवाय सरीनसारखे, नसांवर घाला घालणारे वायू. हे वायू हवेपेक्षा जड. ते खाली उतरतात, पायऱ्यापायऱ्यांनी, आणि तळाशी साचून राहतात. वाचलेले बरेच जण सांगतात की आधी सफरचंदासारखा गोड वास आला. सुमारे पाच हजार माणसं गेली.

टॅक्सीवाला नऊ वर्षांचा होता. वडिलांनी त्याला उचललं, ओला कपडा तोंडाला लावला आणि वर, बागेच्या चढाकडे पळाले. आई आणि दोन बहिणी याच तळघरात राहिल्या. नवरोज पाच दिवसांवर आला होता आणि मुलींचे नवे कपडे शिवून तयार होते, हे म्हाताऱ्याने स्वतःहून सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये थांबून तो खोकत होता. त्या दिवसापासूनचा खोकला.

आता तिथे डाळिंबाचे क्रेट ठेवतात. खाली गार, कोरडी हवा, एकच पिवळा दिवा आणि भिंतीपर्यंत रचलेली लालभडक फळं. मी शेवटच्या पायरीवरच बसलो.

१९८८ च्याच मे महिन्यात सुरक्षा परिषदेने रासायनिक शस्त्रांचा निषेध केला, पण ठरावात इराकवर बोट ठेवलं नाही. सद्दाम ३० डिसेंबर २००६ ला फासावर गेला तो दुजैल गावच्या १४८ लोकांच्या हत्येसाठी. अन्फालचा खटला तेव्हा चालूच होता, त्याच्यापुरता तो तिथेच बंद झाला. हलब्जासाठी शिक्षा झाली ती त्याचा चुलतभाऊ अली हसन अल-माजिदला, २०१० मध्ये. म्हातारा म्हणाला, "मला सद्दामला फाशी झालेली बघायची नव्हती. कोणीतरी त्याला हलब्जाबद्दल विचारावं आणि त्याने उत्तर द्यावं, ते ऐकायचं होतं."

अंगणात गालिचा पसरला. चहा आला, डाळिंबं आली. कुर्दीत डाळिंबाला हनार म्हणतात. इथली फळं आपल्या 'भगवा' जातीच्या डाळिंबापेक्षा मोठी, बी जरा टणक. म्हाताऱ्याने विचारलं, एवढ्या लांबून का आलास? मग मी मामाचं सगळं सांगितलं. बगदादची मिठी सांगितली. भरपाईच्या पैशांत लावलेली बाग सांगितली, आणि तो पैसा तुमच्या देशाच्या तेलाचा होता हेही. इराकने कुवेतच्या आक्रमणापोटी ५२.४ अब्ज डॉलर भरले, शेवटचा हप्ता २०२२ च्या जानेवारीत गेला. आयोग फक्त त्या आक्रमणापुरता होता. या अंगणातल्या माणसाला त्यातून एक पैसाही मिळण्याची तरतूद नव्हती.

मामोस्ता हे भाषांतर करून सांगत होता तेव्हा मी खालमानेने डाळिंबाची साल सोलत होतो. म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "तुझा मामा घरी नीट पोचला ना?"

"पोचला," मी म्हणालो.

"आणि बाग?"

बाग आता राहिली नाही. आधी तेल्या रोगाने फळं डागाळली आणि पुढे खोडाला भोकं पाडणाऱ्या किडीने सांगोला भागातल्या कितीतरी बागा गेल्या, त्यात मामाचीही गेली. झाडं मुळासकट काढून जाळावी लागली. मोबाइलवर फोटो होते ते दाखवले. म्हाताऱ्याने चष्मा पुसून लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि भोकं पडलेलं खोड निरखून बघितलं. मग मामोस्ताला हाताने जरा थांब म्हणत, सावकाश, एकेक वाक्य तोडून सांगायला लागला. मामाला सांग, त्याच खड्ड्यात लगेच लावू नको. माती उकरून उन्हं खाऊ दे. थंडी सरता सरता निरोगी झाडाची काडी घ्यायची, पेन्सिलीएवढी जाड. आणि पाणी बुंध्याशी साचू द्यायचं नाही. त्याने जमिनीवर बोटाने गोल आळं काढून दाखवलं आणि पाणी कुठून सोडायचं तिथे एक खूण केली.