तुम्ही विचारलंत म्हणून: वाम, बिबट्या आणि मधली रेल्वे

"शाहू स्टेडियमच्या आवाजात वाढलेली कोल्हापूरची पोरगी, आणि तिकडं जाऊन कसल्या त्या रग्बीच्या नादाला लागलीस? बरं, टीम तरी जिंकणारी धरावी!" सुट्टीत घरी गेले की काका हे विचारतातच. मग मावशी, मग समोरच्या वहिनी. इकडचे मराठी लोकही विचारतात, फक्त जरा सभ्य शब्दांत.

उत्तर म्हणून मला २०२२च्या सप्टेंबर अखेरचा एक आठवडा सांगावा लागतो. सामना नाही, त्याच्या आधीचा आठवडा. सामना सांगण्यासारखा झालाच नाही.

मी सिडनीत वेस्टमीडला राहते, म्हणजे पॅरामॅटाला अगदी खेटून. नोकरी पेनरिथला. रोज रेल्वेनं पश्चिमेकडे जायचं, संध्याकाळी परत. पॅरामॅटाचा क्लब ईल्स, रंग निळा-पिवळा. पेनरिथचा पँथर्स, काळा. ईल म्हणजे आपली वाम. पॅरामॅटा हे नावच तिथल्या मूळच्या दारुग लोकांच्या भाषेतून आलंय, वाम मासे जमतात ती जागा. तेव्हा सामना वाम विरुद्ध बिबट्या. कोण कोणाला खाणार हे शेंबडं पोरही सांगेल, पण आम्हाला ते पटत नाही.

खेळ म्हणाल तर रग्बी लीग. तेरा-तेरा जण, ८० मिनिटं. चेंडू बगलेत घेऊन पळायचं, समोरच्यांनी धरून आडवं पाडायचं. सहाव्यांदा आडवं पडलात की चेंडू त्यांच्याकडे. कबड्डीची पकड आणि क्रिकेटची ओव्हर एकत्र करा, झालं. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ४ गुण. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, ही गंमत कळायला मला दोन हंगाम लागले.

ईल्सनी विजेतेपद शेवटचं जिंकलं १९८६ साली, कँटरबरीविरुद्ध ४–२. त्या फायनलमध्ये कोणालाच रेषा ओलांडता आली नाही, सगळे गुण लाथेचे. इथली म्हातारी माणसं तो सामना काल झाल्यासारखा सांगतात. त्याआधी १९८१ला पहिल्यांदा जिंकले, तेव्हा आनंदाच्या भरात लोकांनी आपल्याच मैदानाचा, कंबरलँड ओव्हलचा, स्टँड जाळून टाकला. हे ऐकलं त्या दिवशी मी या टीमची झाले. असला वेडेपणा मला ओळखीचा होता. फुटबॉलला शिवाजी तरुण आणि पाटाकडील या टीम समोरासमोर आल्या की आमच्याकडे घराघरांत जेवणं कशी लांबायची, ते काकांना मी वेगळं काय सांगणार?

तर तो आठवडा. शुक्रवारी रात्री आम्ही टाउन्सव्हिलला जाऊन तिथल्या काउबॉइजना २४–२० असं हरवलं आणि फायनलला पोचलो. समोर कोण, ते शनिवारी ठरणार होतं. पँथर्स येऊ नयेत म्हणून मी साउथ सिडनीच्या बाजूनं ओरडत होते. पँथर्स ३२–१२ जिंकले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. तीसेक किलोमीटरवरचे शेजारी, आणि ग्रँड फायनलला एकमेकांसमोर यायची ही पहिलीच वेळ. हरायचं तर ओळखीच्याकडून, जिंकायचं तर त्याच्याच दारात नाचत.

सोमवारपासून रेल्वेतून सीमा दिसायला लागली. वेस्टमीडला बाल्कन्यांतून निळे-पिवळे झेंडे. ब्लॅकटाउनला सरमिसळ, एकाच घराच्या कुंपणावर दोन्ही झेंडे पाहिले, त्या घरात रात्री काय होत असेल देव जाणे. सेंट मेरीज आलं की सगळं काळं. मी पर्समधला मफलर आणखी खाली दडपायची.

ऑफिसात माझ्या शेजारी एक सामोअन गृहस्थ बसतात, जन्मापासून पँथर्सचे. सोमवारी माझ्या खुर्चीला काळी फीत बांधलेली. मी म्हटलं, याच वर्षी साखळीत दोनदा हरवलंय तुम्हाला. ते म्हणाले, आणि प्लेऑफमध्ये? तिथं त्यांनी आम्हाला २७–८ धुतलं होतं. मग मी त्यांच्या नेथन क्लिअरीचा विषय काढला. जुलैत आमच्या डिलन ब्राउनला उचलून उलटा आपटला म्हणून त्याला मैदानाबाहेर काढलं आणि पाच सामने बसवलं होतं. ते म्हणाले, बरं झालं, पोरगं ताजंतवानं आहे. शेवटी पैज लागली: हरेल त्यानं मंगळवारी समोरच्याची जर्सी घालून कामावर यायचं. सामन्यानंतरच्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती.

रविवार २ ऑक्टोबर. नवरात्रातली सातवी माळ, दुपारी आमचा भोंडला. भरीला त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेलेली, म्हणजे तयारीतला एक तास गायब. खिरापत माझ्याकडे होती. मी केशरी भात केला आणि निळ्या झाकणाच्या डब्यात नेला. खिरापत ओळखायच्या वेळी एक आजी म्हणाल्या, "ही आज पिवळंच काहीतरी करणार, त्यात ओळखायचं काय!" फेर धरलेल्या पोरींत एकीनं परकरावर काळी पँथर्सची जर्सी चढवली होती. तिच्या आईनं माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मधेच कोणीतरी फोन बघून सांगितलं, आपल्या ईल्सच्या बायकांची टीम न्यूकॅसलकडून हरली. त्यांचीही फायनल त्याच दिवशी, त्याच मैदानावर होती. पाटावरच्या हत्तीकडे पाहून मी मनातल्या मनात म्हटलं, एवढी एकच दे.

साडेसातला सामना. तिकीट मिळालं नव्हतं, घरीच पाहिला. मध्यंतराला १८–०. त्यांचा डिलन एडवर्ड्स जिथे चेंडू तिथे. पुढे २८–० झालं, तेव्हा नवऱ्यानं न विचारता चहा ठेवला. अगदी शेवटी आम्ही दोनदा रेषा गाठली. २८–१२.

काकांना सांगते, हरलो ते खरंच. पण त्या सात दिवसांत बेकरीवाला, बसचालक, समोरच्या घरातली कधी न बोलणारी लेबनीज बाई, सगळ्यांनी मला थांबवून एकच विचारलं होतं: काय वाटतं, होईल का? अकरा वर्षं त्या गल्लीत राहत होते. तोवर माझं मत कोणी कशावरच विचारलं नव्हतं.

मंगळवारी सामोअन गृहस्थांनी जर्सी आणली. त्यांच्याच मापाची, माझ्या गुडघ्यापर्यंत येणारी. दिवसभर फोटो काढून झाले. परतीच्या गाडीत मी तशीच बसले होते. ब्लॅकटाउनला निळी-पिवळी टोपी घातलेले एक आजोबा चढले, माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली, जर्सी पाहिली आणि उभेच राहिले. मी पर्स उघडून मफलरचं टोक बाहेर काढून दाखवलं. ते बसले. पण वेस्टमीडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.