गुरुजींचा हिशेब

सातारा, सोमवार

गुरुजींच्या पलटणीने पाठवलेला लखोटा आज दुपारी काकू (त्यांची आई) आणि वहिनी (त्यांची पत्नी) या दोघींना समोर बसवून मी उघडला. पलटणीत त्यांना पंडितजी म्हणत. ते पलटणीचे धर्मशिक्षक, हुद्दा नायब सुभेदार, आणि काम मंदिरातील पूजा, जखमींची विचारपूस, नव्या जवानांना शपथ देणे व गेलेल्यांचे अंत्यविधी. सीमेवरील कारवाईत तेच गेले. लष्करी कचेरीत मी बावीस वर्षे कारकुनी केलेली असल्यामुळे या चुलतभावाचे कागद माझ्याकडे आले.

सर्वांत वर सामानाची यादी होती. सैनिक मृत्यू पावल्यावर कमांडिंग ऑफिसरने छावणीतील त्याची जंगम मालमत्ता ताब्यात घेऊन यादी करावी, त्याचा येणे पगार काढावा आणि पलटणीचे देणे इतर देण्यांच्या आधी फेडून उरलेली रक्कम वारसांना द्यावी, असे सैनिकांच्या खासगी मालमत्तेविषयीचा १९५०चा कायदा सांगतो. अशा कितीतरी याद्या मी टंकलेल्या आहेत, आणि त्यांत ट्रंक, घड्याळ, दाढीचे सामान हेच असते. येथे ‘शंख एक, पोथ्या चार’ असे होते. समईपुढे मात्र ‘मंदिराची, वगळली’ असा शेरा होता. लिहिणारा कारकून नेटका असावा.

पेन्शनचा प्रश्न सोपा आहे. मृत्यू कारवाईत झाल्यामुळे वहिनींना उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या गणनीय वेतनाइतकी रक्कम मिळेल. ती मृताची मालमत्ता नव्हे, म्हणून तिची वाटणी होत नाही. शिल्लक पगार आणि बँकेतील ठेव यांचे तसे नाही. बँकेत नामनिर्देशन काकूंचे आहे, कारण खाते भरतीच्या वेळचे, लग्नाआधीचे. परंतु नामनिर्देशित व्यक्तीने पैसे फक्त स्वीकारायचे असतात. मालकी वारसांची, आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, पत्नी, मुलगा व मुलगी यांचे चार सारखे वाटे होतात.

हे समजावून सांगितल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, “माझा वाटा माझ्या नावानं लिही.” वहिनी काही बोलल्या नाहीत, शेजारून आलेल्या बाईंच्या कपाळावर मात्र आठी चढली. आईने लेकाच्या पैशाकडे पाहू नये, असे आपल्याकडे गृहीतच धरलेले असते. मला काकूंचे म्हणणे रास्त वाटले. त्यांची औषधे गुरुजींच्या मनिऑर्डरीवर चालत, आणि वहिनींची पेन्शन काही त्यांच्या हातात येणार नाही. मी चौथा हिस्सा लिहिला आणि त्यांनी सही केली, अंगठा नव्हे.

अडचण निघाली ती वेगळीच. मुलीचा जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या घडामोडींची सरकारी नोंद करणाऱ्या आदेशात, नोंदलेलाच नाही. घरचे कागद वेळेवर पाठवा म्हणून जवानांच्या मागे लागणाऱ्या गुरुजींनी स्वतःच्या लेकीचा दाखला ट्रंकेतच ठेवला होता. यादीतील नवव्या ओळीत ‘कागद, किरकोळ’ असा तो सापडला. उद्या त्याची साक्षांकित प्रत, वहिनींचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवायचे आहेत.